रुग्णशय्येवरचा मोबाइल : एका बंदीचा इतिहास

१/ मुदखेडचा रुग्ण नांदेडच्या रुग्णालयात दाखल झाला की सोबत घरचे माणूस जायचे, हा रिवाजच. २०२० मध्ये कोविडने ही सोबत तोडली. विलगीकरण कक्षात नातेवाइकांना प्रवेश नव्हता. उरला तो उशाशी ठेवलेला मोबाइल.

२/ तोही सहजासहजी मिळालेला नाही. भारतात मोबाइल सेवा ३१ जुलै १९९५ रोजी सुरू झाली, इंटरनेट त्याच वर्षी १५ ऑगस्टला सर्वांना खुले झाले. मात्र जगभरची रुग्णालये तेव्हा मोबाइलला दारातच अडवीत. त्याच्या लहरींमुळे व्हेंटिलेटर व औषधपंप बिघडतील, अशी भीती होती. १९९७ मधील ब्रिटिश चाचण्यांत एक मीटर अंतरावरून सुमारे ४ टक्के उपकरणांवरच परिणाम दिसला. पुढे सरसकट बंदी सैल होत गेली.

३/ कोविडकाळात बंदी परतली. एप्रिल २०२० मध्ये पश्चिम बंगालने, मे महिन्यात उत्तर प्रदेशने कोविड रुग्णालयांत मोबाइल रोखले. कारण संसर्गाचे दिले गेले. विरोधकांना त्यात कक्षांतील दुरवस्था झाकण्याचा हेतू दिसला. टीकेनंतर उत्तर प्रदेशने आदेश मागे घेतला.

४/ अखेर जुलै २०२० च्या शेवटी केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने सर्व राज्यांना लिहिले : दाखल रुग्णांना स्मार्टफोन व टॅबलेट वापरू द्यावेत, उपकरणे निर्जंतुक करावीत, बोलण्याच्या वेळा ठरवाव्यात. आप्तांशी संवादाने रुग्णाला मानसिक आधार मिळतो, हे आता सरकारी कागदावर आले.

५/ परवानगी मिळाली, उपकरण मात्र ज्याचे त्याने आणायचे होते. ज्याच्या घरी स्मार्टफोनच नव्हता, त्याचा एकांत या पत्राने संपला नाही.