चेन-गँग ऑल-स्टार्स

नाना क्वामे अजेइ-ब्रेन्या या घानावंशीय अमेरिकन लेखकाची पहिली कादंबरी (2023). नफ्यासाठी चालणाऱ्या तुरुंगांवर टीका करणाऱ्या डिस्टोपियन साहित्यातील ही एक ठळक कृती असून त्या वर्षीच्या नॅशनल बुक अवॉर्डच्या अंतिम यादीत तिचा समावेश होता. लेखकाचा ‘फ्रायडे ब्लॅक’ हा कथासंग्रह त्याआधी 2018 मध्ये आला होता.

काळ नजीकच्या भविष्यातला. मृत्युदंड किंवा दीर्घ शिक्षा झालेल्या कैद्यांना खासगी कंपन्यांच्या एका खेळात उतरण्याचा ‘पर्याय’ कायद्याने दिला आहे. प्रेक्षकांनी भरलेल्या मैदानात ते एकमेकांचे जीव घेतात आणि सामने घरोघरी पाहिले जातात. तीन वर्षे जो तगेल तो सुटतो. ‘साखळी’ हे संघाचे नाव, ‘कडी’ हे कैद्याचे. दोन सामन्यांमधली त्यांची पायपीट, भांडणे, जेवणेही कॅमेऱ्यांसमोरच होतात. लोरेटा थरवॉर आणि हमारा स्टॅकर या एकाच साखळीतल्या प्रेयसी. थरवॉरची सुटका तोंडावर आलेली असताना नियम बदलतात आणि दोघींनाच समोरासमोर उभे केले जाते. पुस्तकाची खरी पकड या प्रेमकथेत आहे. प्रायोजक आणि जाहिरातींवरचा उपहास त्यामानाने अपेक्षित वळणांनी जातो.

कल्पितकथेला लेखकाने तळटीपा जोडल्या आहेत, आणि त्यांतल्या अनेक टिपा प्रत्यक्षातले कायदे व खटले सांगतात. अमेरिकेच्या 1865 च्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपवली, पण गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीचे श्रम वगळले. याच फटीतून दक्षिणेकडील राज्यांनी कैदी खाणमालकांना आणि मळेवाल्यांना भाड्याने दिले. अलाबामात हा व्यवहार 1928 पर्यंत चालला. खासगी तुरुंगांचा आधुनिक धंदा 1983 मध्ये टेनेसीत स्थापन झालेल्या करेक्शन्स कॉर्पोरेशन ऑफ अमेरिकापासून धरतात. 2016 मध्ये तिने ‘कोअरसिव्हिक’ हे नाव घेतले. ठरावीक खाटा भरलेल्या नसल्या तरी त्यांचे पैसे सरकारने द्यायचे, अशी हमी या क्षेत्रातल्या अनेक करारांत असते. मैदान आणि कुऱ्हाडी कादंबरीकाराच्या. हिशेब मात्र त्याला रचावा लागलेला नाही.

या विषयाला पूर्वसूरी आहेत. ‘फोर्ट्रेस’ (1992) या चित्रपटात जमिनीखालचा तुरुंग एक कंपनी चालवते. ‘डेथ रेस’मध्ये (2008) कैद्यांच्या प्राणघातक शर्यती पैसे घेऊन दाखवल्या जातात. मार्गारेट अ‍ॅटवुडच्या ‘द हार्ट गोज लास्ट’मध्ये (2015) बेघर झालेले जोडपे पक्क्या घराच्या मोबदल्यात दर महिन्याआड तुरुंगात राहते. चित्रपटांतला नायक खुनी नसतो, त्यामुळे प्रेक्षकाची सहानुभूती स्वस्तात मिळते. अजेइ-ब्रेन्याचे बहुतेक कैदी खरोखर खुनी आहेत. त्यांच्याही वाट्याला हे येऊ नये, असे वाचकाला वाटावे ही त्याची मागणी आहे.

केवळ खासगी कंपन्यांवरचे आरोपपत्र म्हणून ही कादंबरी वाचणे अपुरे ठरते. अमेरिकेतील दहापैकी नऊहून अधिक कैदी सरकारी तुरुंगांतच आहेत. शिवाय खासगी तुरुंगांना काम द्यायचे की नाही, हेही सरकारच ठरवते: संघराज्याच्या न्याय विभागाने खासगी तुरुंगांशी करार वाढवू नयेत, हा अध्यक्ष बायडेन यांचा 2021 चा आदेश ट्रम्प यांनी जानेवारी 2025 मध्ये रद्द केला.