ट्रोल, आग आणि अज्ञानाचे सोंग

पहिल्याच फेरीत ट्रोलवर मशाल फेकणाऱ्या खेळाडूला ‘हे तुझ्या पात्राला कसे ठाऊक?’ म्हणून दोष दिला जातो. तो मला मान्य नाही. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिका-खेळातल्या ट्रोलच्या जखमा आपोआप भरतात आणि आग किंवा आम्लच त्याला संपवते, हे १९७७च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्येही छापील आहे. ट्रोलांच्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या गावात वाढलेल्या पात्राला मात्र ते ठाऊक नसावे? साप कोणता विषारी, हे शेतावरच्या पोरालाही कळते. शिवाय माहीत असूनही खेळाडूने तलवारीच्या चार फेऱ्या वाया घालवल्या, तरी आग पात्राला नेमकी केव्हा ‘सुचू’ द्यायची हे तो स्वतःच्या ज्ञानावरूनच ठरवतो. म्हणजे जे टाळायचे तेच घडते, वर लढाईतला जीव जातो.

यावर म्हटले जाते की, अशाने अज्ञाताची भीती उरत नाही. भीती हवीच, पण ती निर्माण करणे हे खेळ चालवणाऱ्याचे काम आहे. या खेळाच्या २००३च्या ३.५ आवृत्तीने मात्र प्राणी ओळखण्यासाठी फासा ठेवला. लक्ष्यसंख्या १० अधिक त्या प्राण्याचे ‘हिट डाइस’, म्हणजे त्याच्या ताकदीचा आकडा. पंचक्रोशीला धडकी भरवणारा म्हातारा ड्रॅगन त्यामुळे स्वतःच्या पिल्लापेक्षा ओळखायला कठीण ठरतो! त्यापेक्षा प्राण्याची ख्याती आणि पात्राचे पूर्वायुष्य पाहून काय ठाऊक असेल ते आधीच सांगून टाकावे. गूढच हवे असेल, तर नवा प्राणी घडवावा. या खेळाचे एक जनक गॅरी गायगॅक्स यांनी ‘रस्ट मॉन्स्टर’ एका स्वस्त प्लास्टिकच्या खेळण्यावरून घडवला होता.