कॅश-सर्व्हरची कुळकथा

मास्तरकींत असतांना एक देखावा मीं दरसाल पाहिला. वार्षिक परीक्षा जवळ आली कीं कचेरीच्या दारापुढें मुलांची रीघ लागे. ‘भूमितीचा पेपर कोणत्या दिवशीं?’ हा एकच प्रश्न आमच्या कारकुनांस दिवसांतून शंभर वेळां ऐकावा लागे, आणि प्रत्येक वेळीं ते बिचारे दप्तर उघडून उत्तर देत. पुढें वेळापत्रकाची एक नक्कल बाहेरच्या फळ्यावर डकवली, तेव्हां कोठें त्यांस सवड मिळाली. वेबवरील कॅश-सर्व्हर म्हणजे असाच एक फळा होय. मागचा मूळ सर्व्हर प्रत्येक मागणीसरशीं माहितीचें भांडार धुंडाळून पान नव्यानें रचतो. पुढें बसविलेला कॅश-सर्व्हर त्या पानाची प्रत आपल्याजवळ ठेवून पुढील हजारों वाचकांस तीच देतो.

कॅश म्हणजे येथें रोकड नव्हे. ‘लपविणें’ या अर्थाच्या फ्रेंच धातूपासून हा शब्द निघाला असून, संगणकाच्या परिभाषेंत तो १९६८ मध्यें आय.बी.एम.च्या ३६०/८५ या यंत्राबरोबर आला. कल्पना त्याहून जुनी. केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांनीं १९६५ मध्येंच ती मांडली होती.

वेबवर मात्र ती वाचकाच्या टोकाकडून आली. मे १९९४ मध्यें जिनीव्हा येथें वेबविषयक पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तींत आरी लुओटोनेन व केव्हिन आल्टिस यांनीं प्रॉक्सी सर्व्हरवर निबंध सादर केला. एका संस्थेंतील मंडळींनीं दूरदेशचें एकच पान पुनःपुन्हा मागवूं नये, ही त्यांतील साठवणीची दृष्टि. ‘हार्व्हेस्ट’ नांवाच्या संशोधन-प्रकल्पांतून १९९६ मध्यें ड्यूएन वेसेल्स यांचें ‘स्क्विड’ निघालें. तेंच उलट फिरवून मूळ सर्व्हरच्या तोंडाशीं बसवितां येई. जानेवारी १९९७ मध्यें एच.टी.टी.पी. १.१ चे नियम प्रसिद्ध झाले, आणि पान किती सेकंद ठेवावें, कोणतें खाजगी समजावें, कोणतें मुळींच ठेवूं नये, हें पानाबरोबरच लिहून पाठविण्याची सोय झाली.

यापुढील प्रकरण नॉर्वेंतलें. ‘व्हेर्डेन्स गांग’ या तेथील वृत्तपत्रास आपल्या वेब-आवृत्तीपुढें स्क्विडचीं १२ यंत्रें ठेवावीं लागत. डेन्मार्कचे पॉल-हेनिंग काम्प यांनीं त्यांच्यासाठीं ‘व्हार्निश’ रचलें. पहिली आवृत्ति २००६ मध्यें निघाली, आणि १२ यंत्रांचें काम ३ यंत्रांवर आलें. ही कांहीं जादू नव्हे. काय स्मृतींत ठेवावें व काय डिस्कवर टाकावें याची उठाठेव स्क्विड स्वतः करी, आणि खालची संचालन-प्रणालीहि तीच उठाठेव करी. एका घरांत दोन कारभारी! काम्प यांनीं तें काम प्रणालीवर सोपवून दिलें.

व्हार्निशची मांडणी वरकरणीं सोपी आहे. जगास ठाऊक असलेला ८० क्रमांकाचा दरवाजा कॅशनें घ्यावा, मूळ सर्व्हरनें मागें ८०८० वर सरकावें, आणि नियमांच्या फायलींत त्याचा पत्ता लिहावा. पानानें आपलें आयुष्य सांगितलें नसेल तर व्हार्निश तें १२० सेकंद धरतें. परंतु वाचकाची ओळख पटविणारी ‘कुकी’ मागणीबरोबर आली, तर मूळचे नियम ती मागणी थेट मागें धाडतात. हा सावधपणा पुष्कळांस जाचतो. आजकाल गणती करणाऱ्या क्षुल्लक कुकी प्रत्येक मागणीस चिकटलेल्या असतात. त्यामुळें कांहींच साठत नाहीं, आणि चालक वैतागून कुकी छाटण्याचे नियम लिहूं लागतो. माझ्या मतें धोका येथेंच आहे. वेळापत्रक फळ्यावर लावावें. मुलाचें प्रगतिपुस्तक लावूं नये. शिळें वेळापत्रक दिसलें तर एखाद्या मुलाचा पेपर बुडेल, तेंहि वाईटच. पण घराघरांतली गोष्ट चव्हाट्यावर आली तर ती परत घरांत नेतां येत नाहीं.

२५ डिसेंबर २०१५ रोजीं हेंच घडलें. व्हॉल्व्ह कंपनीच्या ‘स्टीम’ या खेळांच्या दुकानावर नाताळच्या विक्रींत हल्ला झाला आणि मागण्यांचा लोंढा २००० टक्क्यांनीं वाढला. भार पेलण्यासाठीं कॅशचे नवे नियम घाईनें लावण्यांत आले; त्यांतील दुसऱ्या मांडणीनें ओळख पटवून आंत आलेल्या ग्राहकांचीं पानेंहि साठविलीं. सुमारें दीड तास एकाचें पान दुसऱ्यास दिसत होतें. कोणाचा पत्ता, कोणाचा ई-मेल, कोणाची खरेदी, कार्डाचे शेवटचे दोन आंकडे! कंपनीच्या निवेदनाप्रमाणें सुमारें ३४,००० ग्राहकांचीं पानें अशीं परक्यांपुढें जाण्याचा संभव होता. संपूर्ण कार्ड-क्रमांक त्यांत नव्हते, एवढीच गोष्ट बरी. शेवटीं भर सणाच्या दिवशीं दुकान बंद ठेवावें लागलें. नियम तपासून झाले, सर्व सर्व्हरांवर नवी मांडणी पोंचली, साठविलेली प्रत अन् प्रत पुसली गेली, आणि मगच दारें उघडलीं.