सुरतेची दर्यावर्दी कारागिरी आणि इंजिनाची विद्या

सुरत शहराच्या पूर्वेस गोडादऱ्यात जी खानदेशी वस्ती मागांच्या खडखडाटात आपला संसार उभा करून राहिली आहे, तिला तापी ठाऊक असते ती गावाकडची, भुसावळ-प्रकाशाकडची. परंतु त्याच तापीच्या मुखाशी जहाजे बांधणाऱ्या सुतारांच्या वंशात पुढे आगबोटीच्या यंत्राची विद्या कशी रुजली, ही हकिकत तिच्या कानी क्वचितच पडते.

१७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया हे कुशल कारागीर कंपनी सरकारच्या बोलावण्यावरून काही सुतार बरोबर घेऊन सुरतेहून मुंबईस आले आणि त्यांच्या देखरेखीखाली तेथील गोदी नावारूपास आली. सागवानी लाकडाचे त्यांचे ज्ञान बापाकडून मुलाकडे, हातातून हातात उतरत गेले. वाफेचे युग आले तेव्हा मात्र या परंपरेपुढे एक विलक्षण पेच पडला. २० मार्च १८३० रोजी मुंबईहून सुएझकडे निघालेल्या ‘ह्यू लिंडसे’ आगबोटीचा सांगाडा मुंबईच्याच गोदीत बांधला गेला होता, पण तिच्या पोटातील यंत्रे विलायतेची होती. लाकूड आपले आणि लोखंड परक्याचे, अशी ती विभागणी होती.

ती मोडून काढण्याचे श्रेय माझ्या मते सर्वाधिक अर्देसर खरसेटजी वाडिया यांस द्यावे लागेल. लवजींच्याच घराण्यातील या तरुणाने एक अश्वशक्तीचे वाफेचे यंत्र स्वतः तयार केले आणि पुढे विलायतेहून मागविलेले दहा अश्वशक्तीचे यंत्र ‘इंडस’ नावाच्या लहान जहाजात बसविले. १८३९ मध्ये ते इंग्लंडास गेले, १८४१ मध्ये रॉयल सोसायटीचे पहिले हिंदी सदस्य झाले आणि मुंबईच्या वाफेच्या कारखान्याचे मुख्य अभियंते नेमले गेले. त्यांच्या हाताखाली गोरे कामगार काम करीत, ही गोष्ट त्या काळी किती असाधारण होती, हे निराळे सांगावयास नको.

मात्र अर्देसरांसारखे भाग्य किती जणांना लाभणार? आगबोटीवर भट्टीपुढे होरपळणारा आगवाला आणि सांध्यासांध्यांत तेल घालीत फिरणारा तेलवाला यांना शाळा नव्हतीच; यंत्राचा आवाज बिघडला की दोष कोठे आहे, हे ते कानाने आणि तळहाताने ओळखण्यास शिकले. अशा विद्येची नोंद दप्तरात होत नाही, म्हणून ती कमी मोलाची ठरत नाही.

स्वातंत्र्यानंतर कोळ्यांच्या होड्यांवर डिझेल इंजिने चढू लागली आणि याच विद्येस रीतसर आसरा मिळाला. वर्सोवा, अलिबाग, रत्नागिरी येथील मत्स्यव्यवसाय प्रशिक्षण केंद्रांत नौकानयनाबरोबर सागरी डिझेल इंजिनाची देखभालही सहा महिन्यांत शिकविली जाऊ लागली. भर समुद्रात इंजिन बंद पडले, तर पुष्कळदा दोष एवढाच असतो की डिझेलच्या नळीत हवा शिरलेली असते. अशा वेळी फिल्टरवरचा स्क्रू पान्याने किंचित ढिला करावा, हातपंप दाबीत राहावे, प्रथम फेसाळ डिझेल येते, मग बुडबुडे विरळ होतात, आणि अखंड, स्वच्छ धार दिसताच स्क्रू पुन्हा आवळावा. हे वाचून कळते खरे, परंतु बोटांना उमजत नाही. अंधारात, लाटेवर हिंदकळणाऱ्या होडीत तो स्क्रू चाचपून सापडावयाचा, तर किनाऱ्यावरच्या कार्यशाळेत तो पुनःपुन्हा उघडून पाहिलेला असावा लागतो.