मोरीचा पहारेकरी

नळ गळत नाहीं, मोरी तुंबलेली नाहीं, तरी तिच्यांतून दुर्गंधि कां येते, असा प्रश्न अनेक घरांत विचारला जातो. त्याचें उत्तर जुन्या लंडनमध्यें सांपडतें.

सर जॉन हॅरिंग्टन यानें पाण्यानें धुतला जाणारा शौचकूप १५९६ सालींच ग्रंथांत वर्णिला होता. पण गटारांतील वायु घरांत येण्यास त्यांत अटकाव नव्हता. अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीनें १७७५ सालीं पेटंट घेतलें, त्यांत शौचकूपाखालच्या नळाला बांक दिला. बांकांत थोडें पाणी सदैव साठून राहतें आणि तेंच वायूची वाट अडवितें. आपल्याकडे मोरीच्या जाळीखालीं बसविलेल्या ‘नहाणी ट्रॅप’चें तत्त्व हेंच.

मोरी बरेच दिवस वापरली नाहीं, कीं हें पाणी आटतें व वाट मोकळी होते. २००३ सालीं हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स वसाहतींत ३०० हून अधिक रहिवाशांना सार्स रोग जडला. तो पसरण्याच्या कारणांत मोऱ्यांचे कोरडे पडलेले बांक तपासांत गणले गेले.

म्हणून गांवाहून परतल्यावर प्रत्येक मोरींत बादलीभर पाणी ओतावें. त्यानंतरहि दुर्गंधि राहिली, तरच प्लंबरला बोलवावें.