पूल बांधणाऱ्याचे कुल

चौकच्या धारावी किल्ल्याच्या टेकडीवर पावसाळ्यात गवतातून लांब नळीची पांढरी फुले वर येतात. ही तुतारी. उत्तरेला वसईची खाडी. तिथल्या लोखंडी रेल्वेपुलाचे काम पाहणारे अभियंते थिओडोर कुक पुढे पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य झाले. १९०१ ते १९०८ या काळात त्यांचा मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

तुतारी, ज्वारीच्या मुळांतून अन्न शोषणारा टारफुला, ओलाव्यात पसरणारी नीरब्राह्मी, पिवळ्या फुलांची कुतकी. रूपाने इतक्या वेगळ्या वनस्पती तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे फुलांच्या रचनेवरून एकाच कुलात नांदत होत्या. मराठीत ते नीरब्राह्मी कुल.

शंभर वर्षांनी जनुकांच्या अभ्यासाने हे घर फुटले. तुतारी व टारफुला परजीवींच्या कुलात गेले, नीरब्राह्मी इसबगोलाच्या. कुतकी तेवढी मूळ घरी उरली. जिच्या नावाचे कुल, तीच बाहेर!

म्हणून कुक यांचे श्रम वाया गेले नाहीत. कुल बदलले, फूल बदललेले नाही. त्यांची वर्णने आजही ताडून पाहता येतात. त्यासाठी टेकडीवरचे गवत मात्र राहायला हवे.