पुसलं म्हणजे गेलं?

२००९ सालची गोष्ट. माझ्या लिनक्सवर आजीच्या आठवणींची पानं होती. ती सांगायची, मी टंकायचो. एका रात्री जुने कच्चे खर्डे काढायला 'आरएम' ही आज्ञा दिली आणि स्टारच्या आधी चुकून एक स्पेस पडली. एंटर दाबलं, अख्खं फोल्डर रिकामं! 'नक्की का?' असं विचारणं नाही, कचरापेटी नाही. आजीला जाऊन तेव्हा चार महिने झाले होते.

त्या रात्री जे जे वाचलं, त्यात एक छान इतिहास सापडला. लिनक्समध्ये फाईलचं नाव एकीकडे आणि मजकूर दुसरीकडे असतो. मधला दुवा म्हणजे आयनोड. मजकूर डिस्कवर कुठे आहे, तो पत्ता त्यात असतो. फाईल उडवली की मजकूर पुसला जात नाही, जागा फक्त 'मोकळी' म्हणून नोंदवली जाते. १९९३ च्या एक्स्ट२ मध्ये त्यानंतरही आयनोडमधले पत्ते शाबूत राहत, म्हणून फाईल परत मिळवता यायची. २००१ मध्ये कर्नलमध्ये एक्स्ट३ आली. वीज गेली तरी घोळ होऊ नये म्हणून हिने जर्नल, म्हणजे रोजनिशी, ठेवली. पण फाईल उडवताना ही पत्तेसुद्धा शून्य करू लागली. जाणकार म्हणाले, आता विसरा.

२००८ मध्ये कार्लो वुड या प्रोग्रामरने स्वतःचीच होम डिरेक्टरी चुकून उडवली. गडी हटला नाही. शोधता शोधता त्याला दिसलं, की आयनोडांच्या आधीच्या प्रती त्या रोजनिशीतच पडून आहेत! त्यातून त्याने 'एक्स्ट३ग्रेप' लिहिलं आणि सगळ्यांसाठी खुलं केलं.

मी मशीन लगेच बंद केलं होतं, म्हणून त्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं नव्हतं. डिस्क दुसऱ्या मशीनला लावली आणि पहाटेपर्यंत बहुतेक पानं परत आली. १९६१ च्या पानशेतच्या पुराचं पान मात्र आलं नाही. ते सगळ्यात आधी लिहिलेलं. रोजनिशीची जागा ठरलेली. भरली की जुन्या नोंदींवरच नव्या चढतात.

आजच्या एसएसडीवर तर 'ट्रिम'मुळे मोकळी झालेली जागा बहुधा लवकरच साफ होते. तिथे एवढीही आशा धरू नये. प्रत दोन ठिकाणी ठेवावी.

असो. घरातल्या कुणी आजीकडून ती पुराची गोष्ट ऐकली असेल, तर आठवेल तशी लिहून पाठवा. ते पान अजून कोरंच आहे.